सही एकाची, शिक्का दुसऱ्याच्या कुलुपात

सिव्हिल लाइन्समध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाची इमारत आहे. त्याच भागात महालेखाकारांचे, म्हणजे नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या हाताखालचे, कार्यालय आहे आणि सदरकडे गेले की राज्यपालांचे नागपुरातले निवासस्थान लागते. या तिन्ही वास्तूंचा राज्यघटनेतल्या एका छोट्या शब्दसमूहाशी संबंध आहे. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश (अनुच्छेद १२४), नियंत्रक व महालेखापरीक्षक (१४८), राज्यपाल (१५५) आणि उच्च न्यायालयाचे न्यायाधीश (२१७) यांची नेमणूक राष्ट्रपती आपल्या सहीनिशी आणि मुद्रेनिशी दिलेल्या अधिपत्राने, म्हणजे लेखी अधिकारपत्राने, करतात. मंत्र्यांच्या नेमणुकीचे अनुच्छेद ७५ आणि १६४ वाचून पाहा. तिथे सही-मुद्रेचा उल्लेख नाही. ज्या पदांनी वेळप्रसंगी सरकारलाच जाब विचारायचा, त्यांच्या नेमणुकीचा कागद अधिक पक्का हवा, असा या फरकाचा अर्थ मी लावतो.

सही आणि मुद्रा ही दोन वेगळी कुलुपे आहेत. सही माणसाच्या हातात असते आणि त्याच्याबरोबर निघून जाते. मुद्रा कार्यालयात राहते, माणसे बदलली तरी तीच राहते, आणि म्हणूनच ती कुणाच्या ताब्यात आहे हे ठरलेले असावे लागते. जगात जिथे जिथे राजमुद्रेची व्यवस्था नीट लागली, तिथे एक नियम हमखास दिसतो: सही करणाऱ्याने शिक्का स्वतःजवळ ठेवायचा नाही आणि शिक्का सांभाळणाऱ्याने सहीशिवाय तो उचलायचा नाही. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या गोल शिक्क्यापासून वॉशिंग्टनच्या ग्रेट सीलपर्यंत सगळी गोम याच नियमात आहे.

वॉशिंग्टनची पद्धत लेखी आणि जुनी आहे. अमेरिकेची राजमुद्रा २० जून १७८२ रोजी मंजूर झाली आणि १५ सप्टेंबर १७८९ च्या कायद्याने ती परराष्ट्रमंत्र्यांच्या, म्हणजे तिथल्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या, ताब्यात दिली गेली. त्याच कायद्यात अट आहे की राष्ट्राध्यक्षांची सही होण्याआधी कुठल्याही नेमणूकपत्रावर मुद्रा उमटवायची नाही, आणि इतर कागदांवर ती राष्ट्राध्यक्षांच्या खास आदेशाशिवाय उमटवायची नाही. मुद्रेचा साचा एका दाबयंत्रात बसवलेला असतो, यंत्र कुलुपात असते आणि दाब देण्याचे काम परराष्ट्र खात्याचा नेमलेला अधिकारी करतो. वर्षाला दोन ते तीन हजार वेळा ती वापरली जाते. स्वतः राष्ट्राध्यक्षांनाही ती घरी नेऊन ठसा मारता येत नाही. व्यवस्थेची ताकद इथे आहे.

मुद्रा उमटल्याचा क्षण किती वजनदार असतो, हे त्याच देशातल्या एका खटल्याने दाखवले. १८०१ च्या मार्चमध्ये जॉन अ‍ॅडम्स यांनी पायउतार होण्याच्या आदल्या दिवसांत काही नेमणूकपत्रांवर सह्या केल्या. त्यावेळचे परराष्ट्रमंत्री जॉन मार्शल यांनी त्यांवर मुद्रा उमटवली, पण काही पत्रे वाटायची राहून गेली. नवे सरकार ती देईना. विल्यम मार्बरी न्यायालयात गेले. १८०३ च्या निकालात, आता सरन्यायाधीश झालेल्या त्याच मार्शल यांनी लिहिले की सही होऊन मुद्रा उमटली की नेमणूक पूर्ण झाली, कागद हातात पडणे ही नंतरची गोष्ट. (मार्बरींना पद मात्र मिळाले नाही, कारण असा आदेश थेट देण्याचा अधिकारच आपल्याला नाही असे न्यायालयाने ठरवले.) कागद तयार होणे, सही होणे, मुद्रा उमटणे आणि कागद पोहोचणे या चार वेगळ्या पायऱ्या आहेत. आपल्या कार्यालयांतले निम्मे वाद यातल्या दोन पायऱ्या एकच समजल्यामुळे होतात.

लंडनला मुद्रेचा राखणदार लॉर्ड चॅन्सेलर. १६८८ मध्ये तिथला राजा दुसरा जेम्स पळून जाताना राजमुद्रा थेम्स नदीत टाकून गेला. मुद्रेवाचून नवे सरकार अडून पडेल असा त्याचा हिशेब होता, पण सरकार अडले नाही. १७८४ च्या मार्चमध्ये तर तेव्हाचे लॉर्ड चॅन्सेलर थर्लो यांच्या घरातून मुद्रा चोरीलाच गेली. संसद विसर्जित करायची वेळ तोंडावर होती, म्हणून सुमारे एका दिवसात नवी घडवली गेली. हरवली तर कारभार थांबवायचा नाही, तातडीने नवी करायची आणि जुनी बाद झाल्याचे सगळ्यांना कळवायचे, हा धडा आजच्या कार्यालयालाही जसाच्या तसा लागू पडतो. तिथे नवी मुद्रा आली की जुनीवर हातोडीने हलकेच ठोकून ती रद्द झाल्याची खूण करण्याचीही रीत आहे.

जपानची राज्यमुद्रा १८७४ सालची, सोन्याची, बाजूला सुमारे ९ सेंटीमीटरची चौकोनी, वजनाला साडेतीन किलोच्या आसपास. तिच्यावरची 'महान जपान' ही अक्षरे महायुद्धानंतर राज्यघटना बदलली तरी पुन्हा कोरली गेली नाहीत. मानपदकांच्या प्रमाणपत्रांवर ती आजही उमटते.

आता आपल्याकडे येऊ. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण रोज वापरतो, पण तो दोन शिक्क्यांचा जोडशब्द आहे हे विसरून गेलो आहोत. मराठेशाहीत पत्राच्या माथ्यावर मुख्य शिक्का आणि मजकूर संपला की शेवटी दुसरी छोटी मुद्रा, ती मोर्तब. शिवाजी महाराजांची अष्टकोनी मुद्रा 'प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता' सगळ्यांना पाठ असते. शेवटची छोटी मुद्रा 'मर्यादेयं विराजते' फार थोड्यांना आठवते. तिचा अर्थ: इथे मर्यादा आहे. पेशवाईत त्याच जागी 'लेखनसीमा' येते. काम अगदी व्यावहारिक: या ठशाखाली कुणी एक ओळ जरी वाढवली तर ती मर्यादेबाहेरची, म्हणजे बनावट. आज आपण मजकूर संपल्यावर उरलेल्या कोऱ्या जागेवर तिरपी रेघ मारतो, ती याच मोर्तबाची गरीब वारसदार. आणि महाराष्ट्र राज्याच्या आजच्या मुद्रेवर, समईभोवतीच्या कमळाच्या वर्तुळात, महाराजांचाच श्लोक आहे. फक्त 'साहसूनोः शिवस्यैषा' या शब्दांच्या जागी 'महाराष्ट्रस्य राज्यस्य' आले आहे.

याहून जुना पुरावा नागपूरकरांच्या अगदी जवळ आहे. रामटेकच्या दक्षिणेला नगरधन, म्हणजे प्राचीन वाकाटक राजघराण्याचे नंदिवर्धन. तिथल्या उत्खननात राणी प्रभावतीगुप्तेच्या नावाचा मातीचा ठसा सापडला: लांबट गोल, साधारण ३६ × २४ मिलीमीटर, ब्राह्मी अक्षरे आणि शंखाची आकृती. वजन अवघे सहा-साडेसहा ग्रॅम. दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही मुलगी, पती रुद्रसेन लवकर गेल्यावर मुलाच्या नावाने राज्य चालवणारी. तिच्या पुणे ताम्रपटाच्या मुद्रेवर श्लोक आहे: 'वाकाटकललामस्य क्रमप्राप्तनृपश्रियः। जनन्या युवराजस्य शासनं रिपुशासनम्॥' पुढे मुलगा प्रवरसेन गादीवर आला तेव्हा पहिली ओळ तशीच राहिली आणि दुसरीत 'राज्ञः प्रवरसेनस्य' आले. म्हणजे पंधराशेहून अधिक वर्षांपूर्वी, आजच्या नागपूर जिल्ह्यात, मुद्रेचा ठरलेला मसुदा होता आणि अधिकारी बदलला की त्यात फक्त पदधारकाचा भाग बदलत असे.

या ताम्रपटांच्या सुरुवातीलाच एक शब्द असतो: 'दृष्टम्'. म्हणजे पाहिले. मजकूर मुळाबरहुकूम आहे हे कुणीतरी तपासल्याची ती खूण. वाकाटकांच्या काही ताम्रपटांत कोण्या सेनापतीच्या कारकिर्दीत लेख लिहिला गेला तेही येते, उदाहरणार्थ चम्मकच्या ताम्रपटात सेनापती चित्रवर्मा. वरून पत्रे एका कडीत ओवलेले आणि त्या कडीला मुद्रा, म्हणजे मधला पत्रा बदलायचा तर कडी तोडावी लागणार. तपासणारा वेगळा, लिहून घेणारा वेगळा, मुद्रा वेगळी. आपल्या फायलीवरचे 'पाहिले', जावक क्रमांक आणि गोल शिक्का यांच्यात आणि त्यात मला काहीच फरक दिसत नाही.

राजमुद्रेच्या आजच्या नियमांबद्दल. सारनाथच्या सिंहशीर्षावरून घेतलेले राष्ट्रचिन्ह २६ जानेवारी १९५० रोजी स्वीकारले गेले. तीन सिंह दिसतात, पट्टीवर मधोमध चक्र, पाहणाऱ्याच्या उजव्या हाताला बैल, डाव्या हाताला घोडा, दोन्ही टोकांना चक्रांच्या कडा, आणि खाली देवनागरीत 'सत्यमेव जयते'. ब्रीदवाक्याविना चिन्ह अपुरे. त्याच्या वापराचा कायदा २००५ चा आणि नियम २००७ चे. कायद्याच्या परिशिष्टात चिन्हाचे दोन आराखडे आहेत: एक सोपा, लहान आकारासाठी, म्हणजे लेखनसामग्री, शिक्के आणि साच्याच्या छपाईसाठी, दुसरा बारकाव्यांचा, मोठ्या आकारासाठी. शिक्का बनवणारे इंटरनेटवरून दुसरा आराखडा उचलतात आणि तीन सेंटीमीटरच्या रबरात बसवतात. आठ दिवसांत सिंहांच्या आयाळीत शाई भरते, 'सत्यमेव जयते' चा काळा पट्टा होतो आणि कायदेशीरदृष्ट्या अपुरे चिन्ह सगळ्या कागदांवर उमटत राहते. शिक्का करायला देताना पहिला आराखडाच द्यावा.

नियमांप्रमाणे कार्यालयीन शिक्क्यात चिन्ह गोल किंवा अंडाकृती चौकटीत असते आणि आतल्या-बाहेरच्या रेषांच्या मध्ये मंत्रालयाचे किंवा कार्यालयाचे नाव. नाव मावत नसेल तर संक्षेप चालतो. माजी मंत्री, माजी आमदार-खासदार, निवृत्त अधिकारी यांना हे चिन्ह वापरता येत नाही, आणि हा नियम सर्रास मोडलेला दिसतो याचे मला मनापासून वाईट वाटते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोटरींचे वेगळे. १९५६ च्या नियमांनुसार नोटरीचा शिक्का साधा, गोल, ५ सेंटीमीटर व्यासाचा असतो. त्यात नाव, क्षेत्र, नोंदणी क्रमांक, 'नोटरी' हा शब्द आणि नेमणाऱ्या सरकारचे नाव. साधा म्हणजे साधा, त्यात सिंह नकोत. पट्टी घेऊन व्यास मोजला तरी काही खोटे शिक्के तिथेच उघडे पडतात.

शिक्का नसेल तर कागद अपुरा, असे कायदा स्पष्ट कुठे म्हणतो ते माहीत असावे. दिवाणी समन्सवर न्यायाधीशाची किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याची सही आणि न्यायालयाची मोहोर दोन्ही हवीत (दिवाणी प्रक्रिया संहिता, आदेश ५, नियम १). फौजदारी समन्स आणि अटक वॉरंट यांनाही तेच (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलमे ६३ आणि ७२). समन्स इलेक्ट्रॉनिक असेल तर मोहोरेची प्रतिमा किंवा डिजिटल सही. प्रमाणित नकलेवर तारीख, अधिकाऱ्याचे नाव, पदनाम आणि, त्याला मोहोर वापरण्याचा अधिकार असेल तेव्हा, मोहोर (भारतीय साक्ष्य अधिनियम, कलम ७५). शासन निर्णयाचे मात्र वेगळे. त्याचा जोर 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' या ओळीत आणि तिच्याखालच्या अधिकृत सहीत असतो. त्यावर गोल शिक्का नाही म्हणून तो नाकारणारे कारकून चुकतात.

आता ताब्याची गोष्ट, कारण खरे नुकसान तिथे होते. शिक्का बनवून आला की पहिल्या दिवशी तीन कामे करावीत. एक, जडवस्तू संग्रह नोंदवहीत नोंद: वर्णन, व्यास, साहित्य (पितळ, रबर की पॉलिमर), तारीख आणि संख्या. दोन, वेगळ्या नमुना-वहीत त्याचा स्वच्छ ठसा, शेजारी कार्यालय प्रमुखांची सही. पाच-सहा ठसे वेगवेगळ्या दाबाने घ्यावेत, पुढे तुलनेला उपयोगी पडतात. तीन, शिक्का कुणाच्या नावे, हे कार्यालयीन आदेशाने ठरवणे: मुख्य ताबेदार एक, तो रजेवर असताना कोण, आणि रात्री शिक्का कुठल्या कपाटात. तिसरे काम बहुतेक ठिकाणी होतच नाही. 'शिक्का टेबलावर असतो' ही व्यवस्था नव्हे.

रोजच्या वापरात क्रम महत्त्वाचा. आधी मसुदा मंजूर, मग स्वच्छ प्रत, मग सही, मग जावक क्रमांक आणि तारीख, आणि सगळ्यांत शेवटी गोल शिक्का. ताबेदाराने ठसा उमटवण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात: सही आहे का, सहीखाली नाव आणि पदनाम आहे का, जावक क्रमांक पडला आहे का, आणि पानावर कोरी जागा मोकळी सुटलेली नाही ना. अनेक पानांच्या नकलेत प्रत्येक पानावर छोटा ठसा आणि जिथे पाने दोऱ्याने शिवली तिथे गाठीवर कागदाची चकती चिकटवून तिच्यावर अर्धा आत अर्धा बाहेर ठसा. फोटो असलेल्या प्रमाणपत्रावरही निम्मा ठसा फोटोवर, निम्मा कागदावर. सहीवर शिक्का मारताना सहीच्या शेपटाला तो किंचित छेदून जावा, नाव मात्र झाकले जाऊ नये. चमकदार कागदावर शाई वाळत नाही, पुसली जाते. तिथे तैल शाई आणि पाच मिनिटांचा धीर. उलट, स्वतःच शाई घेणाऱ्या शिक्क्यात भलतीच तैल शाई घातली की आतले रबर फुगते आणि अक्षरे जाड होतात. बाटलीवरची सूचना वाचावी.

सगळ्यांत मोठा घात म्हणजे कोऱ्या कागदावर आधी मारून ठेवलेला शिक्का. कारण नेहमी सोयीचे असते: साहेब दौऱ्यावर आहेत, शनिवारी कुणी नसते, लोकांची गैरसोय होते. पण असा एक कागद बाहेर गेला की त्यावर काहीही लिहिता येते आणि शिक्का खराच असल्यामुळे तपासणीत तो खराच ठरतो. सुट्टीच्या दिवसाचे काम असेल तर ताबेदाराला बोलवा, कागदाला नको. हिवाळी अधिवेशनासाठी मुंबईहून माणसे आणि फायली नागपूरला येतात तेव्हाही हाच धोका. प्रवासात जाणाऱ्या शिक्क्यांची वेगळी यादी, जाताना मोजणी, परतताना मोजणी, दोन्ही वेळा दोन सह्या.

बदली होताना कार्यभार हस्तांतरणाच्या प्रमाणपत्राला शिक्क्यांची यादी जोडावी आणि प्रत्येकाचा ठसा त्याच कागदावर घ्यावा. 'शिक्के: ४ नग' एवढे पुरत नाही, चारपैकी एक बदलून ठेवला तरी संख्या चारच राहते. झिजलेला शिक्का फेकायचा नाही. दोन जणांसमोर रबर आडवे-उभे कापायचे, पितळ असेल तर कानसीने चेहरा घासून सपाट करायचा, शेवटचा ठसा नोंदवहीत ठेवून रद्द केल्याची तारीख लिहायची. हरवला तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी कळवायचे, संबंधित कार्यालयांना जुन्या शिक्क्याच्या नमुन्यासह पत्र द्यायचे आणि नवा करताना त्यात एखादा ठिपका किंवा क्रमांक वेगळा ठेवायचा. त्या खुणेमुळे अमुक तारखेनंतरचा जुना ठसा आपोआप संशयास्पद ठरतो. खोटी मोहोर बनवणे किंवा बनावटगिरीच्या हेतूने बाळगणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४१ खाली गंभीर गुन्हा आहे. म्हणून शिक्का करून देणाऱ्या सीताबर्डीतल्या दुकानदारानेही सरकारी शिक्क्यासाठी कार्यालयाचे पत्र मागून स्वतःजवळ ठेवावे. तेच पत्र पुढे त्याच्याही उपयोगी पडते.

लाखेच्या मोहोरेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण ही कला हातातून चालली आहे. चांगली लाख म्हणजे चपडा, म्हणजे पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवरच्या किड्यांपासून मिळणारी राळ. बाजारातल्या कांडीत तिच्याबरोबर साधी राळ, खडू आणि रंग असतात. कांडी मोडल्यावर तुकडा कडकन आणि चकचकीत मोडला तर चपडा भरपूर आहे. भुसभुशीत मोडला तर खडू जास्त. बोटाला चिकट लागली तर राळ जास्त, आणि ती नागपूरच्या उन्हाळ्यात दगा देणार. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. खोलीत शुद्ध लाख टिकते, पण राळमिश्रित मोहोर एकावर एक रचलेल्या पाकिटांत दबून सपाट होते, आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तर ठसाच उरत नाही. डिसेंबरच्या थंडीत खडू जास्त असलेली लाख पाकीट वाकवताच तडकते. पावसाळ्यात ओलसर मांजरपाटाला ती धरतच नाही, नखाने अख्खी उचलून निघते. म्हणून कापड आधी वाळवून घ्यावे.

२५ मिलीमीटरच्या मोहोरेला साधारण ३ ग्रॅम लाख पुरते. कांडी मेणबत्तीच्या ज्योतीत खुपसली की काजळी मिसळते आणि लाख जळून ठिसूळ होते; ज्योतीच्या वर, थोडी दूर धरून फिरवत वितळवावी. मोहोरा बऱ्याच असतील तर पळीत मंद आचेवर. गाठ आधी बांधायची, दोऱ्याची दोन्ही टोके गाठीजवळ आणायची आणि लाख गाठीवरच पाडायची. गाठीशेजारी पाडलेली मोहोर दिसायला छान, पण पाकीट ती न तोडता उघडते. लाखेचे थारोळे पितळेपेक्षा थोडे रुंद आणि तीनएक मिलीमीटर जाड हवे. पाडल्यावर चार-पाच सेकंद थांबायचे, वरची चकाकी किंचित मंदावली की ओल्या फडक्यावर टेकवलेली मोहोर सरळ खाली दाबायची, हलवायची नाही, दहा-पंधरा सेकंदांनी सरळ वर उचलायची. घाई केली तर लाख पितळेला चिकटून येते, उशीर केला तर अक्षरे अर्धवट उमटतात. चार-पाच ठशांनंतर पितळ तापते आणि चिकटू लागते. ओल्या फडक्यावर थंड करावे. खाचांत लाख अडकली तर सुई किंवा चाकूने खरवडायची नाही, एक ओरखडा म्हणजे कायमचा बदललेला ठसा. स्पिरिटमध्ये बुडवून ठेवली की लाख विरघळते, मग मऊ ब्रश. आणि नाण्याने मोहोर करू नये. तेच नाणे दुसऱ्याच्या खिशातही असते.

मुद्देमालाच्या पाकिटात हे सगळे न्यायालयापर्यंत जाते. पाकिटासोबत मोहोरेचा नमुना ठसा वेगळा पाठवायचा असतो, म्हणजे प्रयोगशाळेला मोहोर शाबूत आणि नमुन्याशी जुळणारी आहे असे लिहिता येते. पंचनाम्यात मोहोरांची संख्या आणि त्यावरची अक्षरे लिहिलेली असावीत. अमली पदार्थांच्या कायद्याचे कलम ५५ दुसरे कुलूप स्पष्टपणे मागते: ठाण्यात आलेल्या मालावर, मालासोबत आलेल्या किंवा त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला आपली मोहोर लावू द्यायची, आणि घेतलेल्या नमुन्यांवर ठाणे प्रमुखाचीही मोहोर. जप्तीनंतर पितळी मोहोर त्याच अधिकाऱ्याच्या खिशात राहिली, तर पाकीट मध्ये उघडून पुन्हा बंद केले नसेल कशावरून, हा प्रश्न बचावाचा वकील विचारणारच. मोहोर तिसऱ्या माणसाकडे देऊन त्याची नोंद ठेवली की उत्तर तयार असते.

खोटा ठसा ओळखायला दहापट भिंग पुरते. छापलेल्या ठशात बारीक रंगीत ठिपके दिसतात. खऱ्या रबरी ठशाच्या कडेला शाईची किंचित गडद रेघ जमते आणि दाब कुठे कमी कुठे जास्त असतो. दहा पानांवर ठसा अगदी एकाच कोनात आणि एकाच जागी अर्धवट पुसट असेल तर तो संगणकातून आला. उठावदार मोहोरेसाठी कागद निदान ८५ ते १०० ग्रॅमचा हवा, पातळ कागदावर उठाव बसतो आणि महिन्यात सपाट होतो. ती छायाप्रतीत दिसत नाही म्हणून काही जण तिच्यावर शिसपेन्सिल घासतात. मूळ कागदावर असे कधीही करू नये; एका बाजूने प्रकाश टाकून फोटो काढला की उठाव स्पष्ट येतो.

आता बरेच कागद शिक्क्याशिवायच निघतात. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो आणि त्यावर क्यूआर कोड असतो. शासन निर्णयावर संकेतांक असतो. पडताळणी कोडने करायची, छापील चित्रावरच्या हिरव्या खुणेने नव्हे, कारण खूणही छापता येते. पण अधिकाऱ्याची डिजिटल सही यूएसबी टोकनमध्ये, म्हणजे सगळे ज्याला डोंगल म्हणतात त्यात असते, आणि ते डोंगल बऱ्याच ठिकाणी दिवसभर ऑपरेटरच्या संगणकाला लावलेले, पिन चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवलेला. इथे सही आणि मुद्रा दोन्ही एका हातात गेली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४२ सांगते की खासगी किल्लीवर ताबा राखण्याची जबाबदारी ज्याच्या नावाची सही आहे त्याचीच. डोंगल काम झाल्यावर काढून कपाटात, पिन फक्त अधिकाऱ्याला ठाऊक, किती कागदांवर सही झाली याची रोजची यादी ऑपरेटरने काढायची आणि अधिकाऱ्याने तिच्यावर सही करायची. बदली झाली की त्याच दिवशी प्रणालीतून त्याचे नाव काढायचे, आणि कार्यभाराच्या कागदावर पितळी मोहोर, रबरी शिक्के यांच्याखाली डोंगलचा अनुक्रमांकही लिहायचा.